एमजीबीचं हेड: जुनंच तपासू की विकत आणलेलं चढवू?

ट्विनकार्ब_कव्हेंट्री

नमस्कार मंडळी. पाककृती आणि राजकारणाच्या गर्दीत गाड्यांचा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे १९७२ची एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. १७९८ सीसीचं १८-व्ही इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर. चार वर्षांपूर्वी दोन गल्ल्या पलीकडच्या एका आजोबांकडून घेतली. महिनाभरापासून गाडी पाणी पितेय. शंभर मैलांमागे अर्धा लिटर, आणि खाली जमिनीवर एक थेंब नाही. ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून लोण्यासारखं पिवळट पांढरं काहीतरी चिकटलेलं. चढावर दम लागतो तो वेगळाच.

मागच्या उन्हाळ्यात जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मोहात पडून एक हेड (इंजिनाच्या सिलिंडरांवर बसतं ते लोखंडी झाकण) घेऊन ठेवलं होतं. १८० पौंड. विकणारा म्हणाला, सगळं काम केलेलं आहे, नुसतं बसवा. लाल रंग मारलेलं, दिसायला एकदम नवरदेव. कास्टिंग नंबर १२-एच-२९२३, म्हणजे माझ्या गाडीवर आहे तोच.

प्रश्न सरळ आहे. रविवारी जुनं काढून हे चढवू, की जुनं तपासत बसू? बायकोचं मत विचारलेलं नाही, ते मला माहीत आहे.

खिडकीतली_मनी

गाडीतलं काही कळत नाही, पण रुमाल टाकून ठेवते.

नट_बोल्ट

लोणी दिसलं ना? मग हेड आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं गॅस्केट गेलं. उतरवा, दुसरं चढवा, विषय संपला.

आडवा_पाना

नट_बोल्ट, इतक्या घाईने ऑपरेशन ठरवू नका हो. इंग्लंडच्या थंडीत दुकानापर्यंत दोन मैल जाऊन परत येणाऱ्या प्रत्येक एमजीबीच्या झाकणाखाली लोणी निघतं. इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाला धरते आणि ऑइलमध्ये घुसळली जाते. एकदा चाळीस मैल फिरवून आणा, निम्मं आपोआप जाईल. लोणी डिपस्टिकवरही असेल तर मात्र काळजी.

पण पाणी कमी होतंय हे खरं आहे. म्हणून हेडला हात लावण्याआधी दोन गोष्टी करा. एक, इंजिन गरम असताना, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. दोन, रेडिएटरच्या तोंडावर लावायची ती निळ्या द्रवाची नळी मिळते, ती आणा. जळलेला वायू पाण्यात येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. आणि हीटरचा व्हॉल्व बघितला का? एमजीबीत तो हेडवरच मागच्या बाजूला बसवलेला असतो. तिथून झिरपलेलं पाणी गरम लोखंडावर वाळून जातं, जमिनीवर काय दिसणार?

ट्विनकार्ब_कव्हेंट्री

आडवा_पाना, काल केलं. १ ते ४ क्रमाने, पीएसआयमध्ये: १५५, १०५, १००, १५०. दोन आणि तीनमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं, आकडे हलले नाहीत. निळ्याचं पिवळं झालं, फिकट पण झालं.

नट_बोल्ट

मी काय म्हणत होतो?

आडवा_पाना

बरोबर म्हणत होता, पण चुकीच्या पुराव्यावर. 😄

शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले आणि ऑइलने फरक नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगांचा दोष नाही. दोन आणि तीनच्या मधली गॅस्केटची पट्टी जळलेली असणार. पण ती का जळली ते हेड निघाल्याशिवाय कळणार नाही. हेड वाकलंय, तडा गेलाय, की कुणी नट नीट आवळले नव्हते? कारण ब्लॉकच्या बाजूला असेल तर दुसरं हेड चढवूनही तेच होणार.

निवृत्त_फिटर

पोरांनो, मी कोल्हापूरचा. एमजीबी आयुष्यात दोनदाच बघितली, पण तिचं इंजिन मला घरच्यासारखं आहे. आपली ॲम्बेसेडर घ्या. तिच्यातलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन म्हणजे बीएमसीचंच (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज. एमजीए १५०० मध्येही तेच होतं. एमजीबीचं १७९८ त्याच घराण्यातलं. स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्हींचा ८८.९ मिलिमीटर. बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवला, ७३ चा ८०.२६ केला. ॲम्बेसेडरची हेडं मी किती उतरवली याचा हिशोब नाही. टॅक्सीवाला सकाळी गाडी सोडायचा आणि रात्रीच्या भाड्याला परत मागायचा.

एक गोष्ट लिहून ठेवा. या इंजिनाला हेडचे नट अकरा. त्यातले चार व्हॉल्व दाबणाऱ्या रॉकर शाफ्टच्या पायांतून जातात, बाहेर सात. नवशिका माणूस आधी रॉकर काढतो, कारण तो वर दिसतो. मग हेडची एक बाजू मोकळी आणि दुसरी आवळलेली राहते, हेड पिळतं, आणि पाणी सिलिंडरमध्ये, तिथून खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. म्हणून आधी रेडिएटरचं पाणी काढायचं. मग अकराही नट थोडे थोडे, पाव पाव फेरा, सगळीकडून सैल करायचे. रॉकर नंतर. पुशरॉड काढताना पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून क्रमाने खोवून ठेवा, ज्याचा त्याला परत गेला पाहिजे.

हेड चिकटलं असलं तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. प्लग परत लावा आणि स्टार्टर मारा, कॉम्प्रेशनच उचलून देतं. आणि उचलताना दोघं लागतात. ओतीव लोखंड आहे, कमरेला कळतं.

तपासायची आमची पहिली रीत फुकटची. हेड लाकडी ठोकळ्यावर ठेवून बारक्या हातोडीने टिचकी मारायची. कुंभाराकडे मडकं घेताना मारतो तशी. चांगलं हेड घंटेसारखं वाजतं. तडा गेलेलं बद्द वाजतं.

चाफा

काका, मडक्याची उपमा भारी!

पण बारीक तडा असला तर हेड वाजतंही छान, हे मी अनुभवाने सांगते. माझी ट्रायम्फ स्पिटफायर आहे, ११४७ सीसी. व्हॉल्व टेकतो त्या सीटजवळचा केसाएवढा तडा टिचकीला दाद देत नव्हता. मशीन शॉपमध्ये चुंबक लावून लोखंडाची भुकटी टाकली तेव्हा रेघ उमटली, रांगोळी टाकल्यासारखी.

मराठीचा_कैवारी

सिलिंडर हेडला मराठीत ‘नळकांडे-शीर्ष’ म्हणता येईल का?

नट_बोल्ट

येईल. मग गॅस्केटला ‘शीर्षासन’ म्हणा.

खिडकीतली_मनी

🤣🤣 धागा वसूल.

डोंबिवली_फास्ट

निवृत्त_फिटर काका, मग ॲम्बेसेडरचं हेड भंगारातून उचलून एमजीबीवर टाकता येईल का? इथे मातीमोल भावात मिळतं. कंटेनर भरून पाठवतो, आपण दोघं श्रीमंत.

निवृत्त_फिटर

घराणं एक म्हणून जावई एक होत नाही बाबा. ७३ मिलिमीटरच्या नळीसाठी केलेले चेंबर (हेडमधल्या पेट्रोल जळायच्या पोकळ्या), त्यातले छोटे व्हॉल्व. १८०० चं इंजिन त्यातून श्वास घेणार कसा? कंटेनर राहू दे.

कास्टिंगवेडा

बोलावल्याशिवाय आलो, कारण नंबरांचा विषय निघाला.

हेडवर, रॉकर कव्हरच्या खाली, ओतीव अक्षरांत नंबर असतो. एमजीबीच्या सुरुवातीच्या वर्षांत १२-एच-९०६: इनलेट व्हॉल्व १.५६५ इंच, चेंबर साधारण ४३ सीसी. १८-व्ही बरोबर १२-एच-२९२३ आलं: इनलेट १.६२५ इंच, चेंबर साधारण ३९. म्हणून लोक जुन्या इंजिनावर २९२३ चढवायला धावतात. त्याचा हिशोब करून बघा. एका सिलिंडरचं आकारमान ४४९.५ सीसी. कॉम्प्रेशनचं प्रमाण ८.८ धरलं तर पिस्टन वर असताना शिल्लक जागा ५७.६ सीसी. बाकी काहीही न बदलता चेंबर ४३ चं ३९ झालं की उरले ५३.६. प्रमाण गेलं ९.४ वर. ते चालून जातं, पण ठिणगीचं टायमिंग परत बघावं लागतं. त्याच हेडला आधीच्या मालकाने दोनदा फेस मारला (खालची बाजू घासून सपाट केली) असेल तर?

नंबर फक्त सांगतो की साचा कुठला होता. साच्यातून निघाल्यावर पन्नास वर्षांत कुणी किती लोखंड खरवडलं, कुठली सीट बसवली, ते नंबरात लिहिलेलं नसतं. ट्विनकार्ब, तुमच्या नवरदेवाचे चेंबर मोजलेत का?

मोजणं घरी होतं. व्हॉल्व आणि प्लग लावून हेड उताणं ठेवायचं, चेंबरभोवती ग्रीसचा पातळ थर, वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी दाबायची, आणि ब्यूरेटमधून रंग टाकलेलं रॉकेल सोडायचं. हवेचा बुडबुडा राहता कामा नये. चारही चेंबर मोजा, एकावर भागवू नका.

आडवा_पाना

+१. मिनीसारख्या छोट्या गाड्यांच्या ए-सिरीज इंजिनवाल्यांनी तर कानाला खडा लावावा. १२७५ चं १२-जी-९४० हेड नुसतं बोल्ट जुळतात म्हणून ९९८ किंवा १०९८ च्या ब्लॉकवर टाकायचं आणि स्टार्टर मारायचा. एक्झॉस्ट व्हॉल्व थेट ब्लॉकच्या माथ्यावर आपटतात, कारण त्या ब्लॉकमध्ये त्यांच्यासाठी खाच नसते. माझ्या ओळखीच्या एकाने मिनीत हा पराक्रम केलाय. त्याचं नाव सांगत नाही, तो मीच.

टीआर_फोर

तुमच्याकडे निदान सिलिंडर ब्लॉकला ओतलेले आहेत. ट्रायम्फ टीआर४ मध्ये लायनर (सिलिंडरच्या नळ्या) सुटे असतात, भोवती पाणी खेळतं. हेड काढलं आणि विसरून क्रँक फिरवला की पिस्टनबरोबर लायनर वर उचलला जातो, खालची सील सुटते, पाणी ऑइलच्या चेंबरमध्ये. म्हणून हेड निघाल्या निघाल्या मोठे वॉशर आणि नट लावून लायनर दाबून ठेवायचे. आणि हेड कितीही सपाट असलं तरी लायनर ब्लॉकच्या वर ३ ते ५ हजारांश इंच आला नाही तर गॅस्केट टिकत नाही. मी दोन गॅस्केटं आणि एक फेसिंग हेडला दोष देत वाया घालवलं. दोष खाली होता.

गंमत म्हणजे आमचं इंजिन फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या नात्यातलं. दोन्ही कव्हेंट्रीच्या स्टँडर्ड कंपनीचे. शेजारी विचारतो तेव्हा मी स्पोर्ट्स कार सांगतो.

चाफा

नात्यावरून आठवलं. स्पिटफायर घ्यायचं कारणच बाबांची स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासला बनायची ती. त्याच कुळातलं इंजिन. हेराल्डचा आणि स्पिटफायरचा पुढचा अख्खा भाग, मडगार्डसकट, पुढे उलटतो. बाबा पुण्याच्या वाड्यात पुढच्या टायरवर बसून टॅपेट सेट करायचे. शर्टाच्या खिशात फट मोजायचं फीलर गेज, आणि मी टॉर्च धरायला. टॉर्च हलली की ओरडा. आता बर्मिंगहॅममध्ये मी टायरवर बसते आणि टॉर्च डोक्याला बांधते. ओरडायला कुणी नाही.

स्टॅगवाला

ट्रायम्फ स्टॅग, व्ही-८. हेडचे काही बोल्ट सरळ, काही स्टड तिरके, आणि ते ॲल्युमिनियममध्ये गंजून घट्ट. तीन महिने झाले काढतोय. हेड अजून वरच आहे. तुमची चर्चा मत्सराने वाचतोय.

जॅग_जळगावकर

स्टॅगवाला, दुःखात सहभागी. जॅग्वारच्या एक्सके इंजिनालाही ॲल्युमिनियमचं हेड, १९४८ पासून. त्यात आणखी एक मेख: दोन कॅमशाफ्ट आहेत, साखळी सुटी असताना एकच कॅम फिरवला तर इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व एकमेकांना भिडतात. टेबलावर ठेवलेल्या हेडचेसुद्धा. मी ‘जरा फिरवून बघतो’ म्हणालो होतो. दोन व्हॉल्व.

पेट्रोलपंप

हेड निघतंच आहे तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. ब्रिटनमध्ये शिशाचं पेट्रोल २००० सालच्या पहिल्या दिवसापासून सर्वसाधारण विक्रीतून गेलं. शिसं सीटवर थर देऊन तिला वाचवायचं. आता व्हॉल्व सीटमध्ये रुतत जातो.

आडवा_पाना

वर्षाला हजार मैल, रविवारी पबपर्यंत. त्याला कशाला कडक सीट? रुतणं होतं ते मोटरवेवर तासन्‌तास रेटल्यावर. माझी गाडी जुन्याच सीटवर वीस वर्षं बिनशिशाचं पिते.

पेट्रोलपंप

तुमची चालते म्हणून सगळ्यांची चालेल असं नाही. शिवाय हेड खाली असताना होणारं काम नंतर तिप्पट महाग पडतं.

निवृत्त_फिटर

भांडू नका. टॅपेट विचारा, तो सांगतो. त्याचा क्लिअरन्स (फट) दर वेळी कमी झालेला सापडत असेल, म्हणजे व्हॉल्व वर सरकतोय, सीट खाल्ली जातेय. १५ हजारांश ठेवला आणि वर्षाने १५ च सापडला, तर सीटला हात लावू नका. आणि सीटसाठी पातळ लोखंडात भोक करताना पाण्याची वाट फोडलेली हेडंही मी बघितलीत.

पेट्रोलपंप

हे मान्य. पण २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई-१० झालंय, त्याने जुने रबरी पाइप

आडवा_पाना

पाइपांचा वेगळा धागा काढा मालक. इथे हेड चाललंय.

ट्विनकार्ब_कव्हेंट्री

तीन आठवड्यांनी येतोय, पण हात काळे करून आलोय.

सात आणि चारचा क्रम पाळला. स्टार्टरची युक्ती पहिल्याच फटक्यात लागू पडली, ‘चक्‌’ असा आवाज आला आणि हेडखाली काळी रेघ दिसली. शेजारच्या आजोबांना बोलावलं (ज्यांची गाडी होती तेच), दोघांनी उचललं. दोन आणि तीनच्या मधली गॅस्केटची पट्टी कुणी चावून गेल्यासारखी तुटलेली, आणि तिथे हेडवर काजळीचा पूल.

सपाट आहे का बघायला हेडवर सरळ पट्टी लावली. लांबीत, रुंदीत, दोन्ही कर्णांत. लांबीत मधोमध ४ हजारांशाची फीलर आत जात होती, ५ ची नाही. चेंबर मोजले: ३९, ३९, ३९.५, ३९.

मग नवरदेव. ३४, ३५, ३५, ३३.

कास्टिंगवेडा, तुमची आठवण काढली. माझ्या इंजिनाचं ९.० होतं असं धरलं तर हे हेड टाकल्यावर ९.८ च्या आसपास जातं. तेही चारही सिलिंडरना वेगवेगळं. लाल रंगाखाली प्लगच्या कडेला ग्राइंडिंगच्या ताज्या खुणा निघाल्या.

दोन्ही हेडं मशीन शॉपला नेली. उकळत्या सोड्यासारख्या कशात तरी धुऊन काढली, मग चुंबक आणि भुकटी. जुनं हेड निर्दोष. विकत आणलेल्याला तीन नंबरच्या एक्झॉस्ट सीटपासून इनलेटच्या दिशेने तडा, अंगठ्याच्या नखाएवढा. काउंटरवरच्या माणसाने काही न बोलता माझ्याकडे वळवून दाखवला. मधलं एक्झॉस्ट पोर्ट दोन आणि तीन दोघांचं मिळून एकच असतं, तिथेच उष्णता साचते, असं तो नंतर म्हणाला.

आजोबा मागे उभे होते. ते म्हणाले, १९९० च्या सुमाराला त्यांनी स्वतः हेड बसवलं होतं आणि नट परत आवळायचे राहून गेले होते. आता आठवलं म्हणे.

नट_बोल्ट

म्हणजे १८० पौंडांचा पेपरवेट.

खिडकीतली_मनी

स्वच्छ धुऊन घ्या आणि श्रीखंडासाठी चक्का बांधला की त्यावर ठेवा. पाणी पूर्ण निघेल.

कास्टिंगवेडा

हेडने शेवटी पाणी काढलंच म्हणायचं.

आता बसवताना: फेस किती मारला ते लिहून घ्या, पुढच्या माणसासाठी. गॅस्केटवर पुढची बाजू आणि वरची बाजू छापलेली असते, ती वाचा. पिस्टनवर आणि ब्लॉकच्या कडेला शाडूचे चपटे तुकडे ठेवून हेड एकदा खोटं बसवा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, परत काढून शाडू कापून जाडी बघा, व्हॉल्वपाशी उरलेली जागा तेवढीच.

निवृत्त_फिटर

गणपतीनंतर घरात शाडू उरतोच. नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, शेवटी ४५ ते ५० पौंड-फूट. रॉकरचे बारके नट २५. टॅपेटला नवाचा नियम: आठवा व्हॉल्व पूर्ण उघडला की पहिला सेट करायचा, सातवा उघडला की दुसरा, बेरीज नऊ. पोरांना मी असाच शिकवला, बाराखडीच्या आधी.

आणि इंजिन गरम करून थंड झाल्यावर परत आवळा. आजोबांसारखं करू नका.

चाफा

काका, आजोबा धागा वाचत नाहीत ना?

ट्विनकार्ब_कव्हेंट्री

वाचत नाहीत, पण मी भाषांतर करून सांगतो. नवाचा नियम त्यांना माहीत होता, शाडू नव्हता. आमच्याकडे मुलीचा निळा खेळण्यातला चिखल वापरला. सगळ्यात कमी जाडी सव्वा मिलिमीटर आली, ती एक्झॉस्टपाशी. फेस ५ हजारांश मारलाय, रॉकर कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलंय, तारखेसकट.

शनिवारी सुरू झाली. कॉम्प्रेशन १६०, १५५, १५८, १६०. लेमिंग्टनच्या रस्त्याला चाळीस मैल फिरवून आणली, थंड होऊ दिली, रविवारी सकाळी आजोबा टॉर्क रेंच घेऊन दारात उभे होते. प्रत्येक नट आधी थोडा सैल केला, मग आवळला. अकराही त्यांनीच केले. मी मोजत होतो.

पाणी मात्र अजून चमचाभर कमी होतंय.

आडवा_पाना

हीटरच्या व्हॉल्वखालचं गॅस्केट नवं टाकलं का?

ट्विनकार्ब_कव्हेंट्री

...

आडवा_पाना

तेवढ्यासाठी हेड काढायला लागत नाही. दोन नट आहेत.